चिमटा अमीनाने पाहिला, जत्रा नाही पाहिली

आदरणीय काकू,

मी इंदूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हिंदी साहित्य घेऊन. घरी मराठी, कॉलेजात सगळं हिंदीतून. प्रेमचंदांच्या 'ईदगाह' कथेवर 1500 शब्दांचा समीक्षात्मक निबंध लिहायचा होता. मी मन लावून लिहिला. सरांनी तो परत दिला आणि वर लाल शाईने लिहिलं, 'यह कथासार है, निबंध नहीं। पाठ से प्रमाण दीजिए।' म्हणजे कथेच्या मजकुरातूनच प्रमाण द्या. आता दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायचा आहे. कथा मला शाळेपासून आवडते, जवळजवळ पाठच आहे. ईदच्या जत्रेतून छोटा हामिद खेळण्याऐवजी आजी अमीनासाठी चिमटा आणतो. त्याचा त्याग, आजीवरचं प्रेम, गरिबी, सगळं मी लिहिलं आहे. मग आणखी प्रमाण म्हणजे काय द्यायचं? मधेमधे अवतरणं घातली की झालं का? आणि लिहिण्याआधी नियोजन करा म्हणतात, ते नेमकं कसं करायचं? निबंधाची पानं सोबत जोडली आहेत.

– रामबागेतली एक वाचक, इंदूर

प्रिय मुली,

तुझी पानं नीट वाचली. भाषा स्वच्छ आहे आणि कथेवरचं तुझं प्रेम खरं आहे, हे कुणालाही कळेल. तरी सरांचा शेरा योग्यच आहे. पहिली तीन पानं तू बहुतेक गोष्टच सांगितलीस: ईदची सकाळ, जत्रा, खेळणी, चिमटा, आजीचे अश्रू. चौथ्या पानावर 'यावरून हामिदचा त्याग दिसून येतो' असं लिहून तू थांबलीस. ज्या सरांनी ही कथा वर्षानुवर्षं शिकवली त्यांनाच ती पुन्हा ऐकवण्यात तुझे हजारभर शब्द गेले. उरलेल्या पाचशेत तू जे म्हटलंस ते पुस्तक न उघडताही म्हणता आलं असतं.

म्हणून अवतरणांचा प्रश्न आधी घेते. तू दोन अवतरणं दिलीस, दोन्ही शेवटच्या पानावरची. ती काढून टाकली तरी तुझ्या निबंधाला काही होत नाही, वाक्यं तशीच उभी राहतात. ज्या ओळीवाचून तुझं म्हणणंच उभं राहत नाही, ती ओळ प्रमाण. मत आधीच ठरवून त्याला शोभेल अशी ओळ शोधायला गेलं की ती नेहमी सापडते, आणि तिने काहीच सिद्ध होत नाही. मत कथेतूनच वर यायला हवं, आणि कथेतल्याच दुसऱ्या एखाद्या ओळीने ते खोटंही पडू शकेल अशी जागा त्यात हवी.

'कथा पाठ आहे' असं तू लिहिलंस, त्याची मला थोडी काळजी वाटली. शाळेत वाचलेल्या कथेचं तात्पर्य आपल्याला पाठ असतं, वाक्यं नसतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे पूर्ण आणि नीट छापलेली प्रत मिळव. प्रेमचंदांच्या 'मानसरोवर' या कथासंग्रहाच्या पहिल्या भागात ही कथा आहे. लायब्ररीत बघ, नाहीतर खजूरी बाजारात पुस्तकांच्या दुकानांत विचार. पाठ्यपुस्तकात कथा कधी कधी काटछाट करून छापतात आणि गाइडमध्ये तर नुसता सारांशच असतो. जी ओळ तुझ्या प्रतीत नाही तिच्यावर निबंध उभा करता येत नाही. कथेची झेरॉक्स काढ, समास मोठा ठेव, हातात पेन्सिल घे.

आता वाचायचं कसं? आवडलेल्या ओळी अधोरेखित करू नकोस. तुझं ठरलेलं मत जिथे अडखळतं ती जागा खूण कर. तुझं मत आहे, 'हामिद त्यागी आहे.' मग कथाभर एकच गोष्ट शोध: हामिद त्यागी मुलासारखा कुठे वागत नाही?

मी माझी प्रत अशीच वाचली. काय सापडलं ते सविस्तर सांगते, कारण नियोजन म्हणतात ते नव्वद टक्के हेच असतं. उदाहरणं मी मराठीत देते आहे. तुला निबंध हिंदीत लिहायचा आहे, त्यामुळे माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवता येणार नाहीत, आणि ते चांगलंच आहे.

पहिली खूण खेळण्यांच्या दुकानापाशी पडली. महमूद शिपाई घेतो, मोहसिन भिश्ती, नूरे वकील. हामिद खेळण्यांना नावं ठेवतो, मातीचीच तर आहेत, पडली की चक्काचूर. पण त्याच वाक्यात निवेदक सांगतो की तो 'ललचाई हुई आँखों से' त्यांच्याकडे बघतो आहे आणि घटकाभर तरी ती हातात मिळावीत असं त्याला वाटतं आहे. तोंड एक बोलतं, डोळे दुसरं बोलतात. हा मुलगा मोहापलीकडे गेलेला नाही. त्याला खेळणं हवंच आहे, अगदी इतर पोरांइतकंच.

दुसरी खूण रेवड्यांपाशी. मोहसिन रेवडी पुढे करतो, 'ले जा' म्हणतो. ही थट्टा असावी असा संशय येऊनही हामिद जवळ जातो. मोहसिन रेवडी स्वतःच्या तोंडात टाकतो आणि बाकीचे टाळ्या पिटून हसतात. हामिद खजील होतो. लगेच तो म्हणतो की मिठाई काय एवढी मोठी, पुस्तकात तिचे किती तोटे लिहिलेत. चार-पाच वर्षांचं पोर पुस्तकाचा दाखला देतं! हे शहाणपण नाही, अपमान झाकण्याची धडपड आहे. आणि हा प्रसंग चिमट्याच्या आधी येतो, हे विसरू नकोस. तो चिमट्याच्या दुकानात पाय ठेवतो तेव्हा मोहसिनचं हसू त्याच्या कानात ताजं आहे.

तिसरी खूण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तुझ्या चारही पानांत तिचा पत्ता नाही. लोखंडी सामानाच्या दुकानापाशी त्याला आठवतं की दादीकडे चिमटा नाही, तव्यावरून पोळ्या काढताना तिचे हात भाजतात. इथपर्यंत त्याग म्हण, प्रेम म्हण, मान्य. पण विचार तिथे थांबत नाही. तो मनात चित्र रंगवतो: अम्मा (दादीला तो असंच म्हणतो) चिमटा बघताच धावत येऊन हातातून घेईल, हजारो दुवा देईल, शेजारच्या बायकांना दाखवेल, गावभर चर्चा होईल की हामिदने चिमटा आणला, किती गुणी मुलगा! या पोरांच्या खेळण्यांना कोण दुवा देणार? मित्र किती लोभी आहेत, मला कुणी एक मिठाई दिली नाही, आता काम सांगायला येऊ देत, मग विचारेन, हेही त्याच ओघात येतं. आजीचे भाजलेले हात, कौतुकाची भूक आणि मित्रांवरचा राग एकाच मनात, एकाच दमात. हे वाचल्यावर 'निःस्वार्थ त्याग' असं लिहायला हात धजणार नाही.

यामुळे हामिद लहान होतो का? मला तर तो इथेच खरा वाटायला लागतो. संत झालेला मुलगा बघून आपण नमस्कार करतो. चिडलेला, लाजलेला, कौतुकासाठी आसुसलेला मुलगा तरीही शेवटचा पैसा आजीच्या बोटांसाठी मोजतो, तेव्हा काळजात कालवाकालव होते. तुला ही कथा का आवडते, याचं उत्तर बहुधा इथे आहे. आणि तेच तुझ्या निबंधात आलेलं नाही.

चौथी खूण पैशांची. हा भाग तू सावकाश कर, कारण आकडे हे फार भक्कम प्रमाण असतं आणि विद्यार्थी ते नेहमी ओलांडून पुढे जातात. अमीनाने कपडे शिवून आठ आणे मिळवले होते आणि ती अठन्नी 'ईमान की तरह' जपली होती. आदल्या दिवशी गवळण पैशांसाठी दारात बसली आणि आता उरले दोन आणे. तेव्हाचा आणा चार पैशांचा, म्हणजे एकूण आठ पैसे. निवेदक हिशेब चोख देतो, 'तीन पैसे हामिद की जेब में, पाँच अमीना के बटुवे में'. तीन आणि पाच, आठ. सणाच्या दिवशी घरात जेवढी रोकड आहे तिचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा आजीने पोराच्या खिशात घातला आहे. मोहसिनकडे पंधरा पैसे, महमूदकडे बारा. चरखीचे पंचवीस फेरे एका पैशाला, तो एक पैसा हामिदला 'अपने कोष का एक तिहाई' वाटतो आणि तो बसत नाही. खेळणी दोन-दोन पैशांची. इथे थांब. खिशात तीन आहेत. त्याला खेळणं घेता आलं असतं! तरी मजकूर म्हणतो, एवढी महाग खेळणी तो कशी घेणार. आणि जो मुलगा एक तृतीयांश द्यायला तयार नव्हता तो चिमट्यासाठी सगळाच्या सगळा खजिना देतो. दुकानदार सहा सांगतो, मग पाचावर येतो, आणि हामिद 'कलेजा मजबूत करके' तीन म्हणतो आणि ओरडा खावा लागू नये म्हणून चालूही लागतो.

हे सगळं एका वहीत उतरवून काढ. पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे कथेतला तुकडा आणि पानाचा क्रमांक. उजवीकडे त्या तुकड्यातून काय कळतं ते एका वाक्यात. उजवीकडचं वाक्य 'हामिद गरीब आहे' इतकं ढोबळ झालं तर खोड आणि पुन्हा लिही. 'खेळणं परवडत असूनही हामिदला ते महाग वाटतं' हे वाक्य चालेल, कारण ते फक्त याच कथेबद्दल खरं आहे. अशा वीसेक नोंदी झाल्या की त्यातल्या सहा-सात एकमेकींकडे ओढ घ्यायला लागतात. त्यांतून मुख्य विधान तयार होतं. त्याआधी नाही.

माझ्या वहीत काय झालं ते सांगते. वरच्या नोंदींनंतर मी शेवटचं पान पुन्हा वाचलं. चिमटा बघून अमीना आधी छाती पिटते, दुपार झाली, काही खाल्लं नाही प्यायलं नाही आणि आणलं काय तर चिमटा! (हामिदने रंगवलेल्या चित्राच्या हे अगदी उलट आहे, ही नोंद कर.) मग तो सांगतो की तुझी बोटं तव्याने भाजायची म्हणून घेतला. आणि अमीनाचा राग विरघळतो. मुलात केवढा त्याग, केवढा सद्भाव, केवढा विवेक, असा विचार इथे येतो. पण हा विचार कुणाचा? नीट बघ. त्या क्षणी आपण अमीनाच्या मनात आहोत. तुझ्या निबंधाचं मुख्य विधान म्हणजे अमीनाचं मत आहे, मुली. तू ते उचलून कथेचं मत म्हणून लिहिलंस. अमीना जत्रेत नव्हती. तिने रेवडीचा प्रसंग पाहिला नाही, हामिदच्या मनातली दुवांची आणि चर्चेची स्वप्नं ऐकली नाहीत. आपण मात्र तिथे होतो.

तेव्हा मी पहिलं विधान लिहिलं: 'जत्रेत काय घडलं हे अमीनाला कळत नाही, म्हणून ती हामिदला त्यागी समजते.' वाटलं, जमलं. मग नियमाप्रमाणे त्याच्या विरोधातली ओळ शोधायला बसले, आणि ती लगेच सापडली. दुसऱ्यांना खेळणी घेताना, मिठाई खाताना बघून याचं मन किती ललचावलं असेल, इतका संयम याला कसा जमला, असं अमीना स्वतःशीच म्हणते. म्हणजे तिला कळत नाही असं म्हणता येणार नाही. मोह झाला असणार हे तिने बरोबर ओळखलं आहे. अशा वेळी दोन वाटा असतात. ती ओळ दिसलीच नाही असं करायचं, किंवा विधान दुरुस्त करायचं. पहिली वाट घेतलीस तर सर तीच ओळ दाखवून निबंध परत करतील.

दुरुस्त विधान असं झालं: 'अमीना हामिदचा मोह ओळखते, पण त्याचा अपमान आणि त्याची कौतुकाची भूक तिच्यापासून लपलेली राहते. दुसरीकडे अमीनाच्या अश्रूंचा अर्थ हामिदला कळत नाही. दोघांचं पूर्ण चित्र फक्त वाचकाजवळ आहे आणि शेवटाचा परिणाम त्यावर उभा आहे.' दुसऱ्या अर्ध्याला आधार कथेच्या अगदी शेवटच्या वाक्याचा. अमीना पदर पसरून दुवा देते आहे, मोठमोठे थेंब गळताहेत, आणि निवेदक म्हणतो, 'हामिद इसका रहस्य क्या समझता!' बघ, विरोधी ओळीने विधान मोडलं नाही, ते आधीपेक्षा नेमकं झालं.

हे विधान माझं आहे, तू उचलू नकोस. कथेत आणखी वाटा आहेत. एक सुचवते. नमाजाच्या प्रसंगात हजारो डोकी एका रांगेत झुकतात, तिथे कुणी धन बघत नाही, पद बघत नाही. नमाज संपते आणि पुढच्याच क्षणी मुलं दुकानांवर तुटून पडतात, जिथे प्रत्येकाची किंमत त्याच्या खिशातल्या पैशांवर ठरते. त्याही आधी, गावातले बाप पैशांसाठी चौधरी कायमअलीच्या घराकडे धावताहेत, चौधरीने डोळे फिरवले तर ईदचा मुहर्रम होईल. कथेचं नाव 'ईदगाह' आहे, 'चिमटा' नाही, 'हामिद' नाही. का? या प्रश्नावर एक स्वतंत्र निबंध होईल. मात्र एकाच निबंधात दोन्ही वाटा घेऊ नकोस. 1500 शब्दांत एकच विधान नीट मांडून होतं. नमाजाचं वर्णन कितीही सुंदर असलं तरी तुझ्या विधानाला ते लागत नसेल तर वहीतच राहू दे. असं चांगलं काही सोडताना जीव तुटतो, पण ते सोडावंच लागतं.

आता मांडणी. तुझा निबंध कथासार झाला याचं मुख्य कारण हे की तुझे परिच्छेद कथेच्या क्रमाने चालतात. सकाळ, मग वाट, मग जत्रा, मग घर. तो क्रम मोड. विधानाला ज्या क्रमाने आधार लागतो त्या क्रमाने जा. माझ्या विधानाचा निबंध मी शेवटच्या पानापासून सुरू करीन: अमीना काय म्हणते आणि ती कुठे नव्हती. मग मागे जाऊन पैशांचा हिशेब, कारण मोह केवढा होता हे त्यावरून मोजता येतं आणि इथपर्यंत अमीनाचा अंदाज बरोबर आहे. मग रेवडी, म्हणजे जे तिला ठाऊक नाही ते. मग दुकानापुढची स्वप्नं. मग परतीच्या वाटेवरचा वाद, जिथे हामिद चिमट्याला रुस्तम-ए-हिंद करून सगळ्यांना हरवतो. महमूद केळी फक्त हामिदला देतो आणि निवेदक त्याला चिमट्याचा प्रसाद म्हणतो, तोही तुकडा इथेच. ज्याला रेवडी मिळाली नव्हती त्याला आता केळं मिळतं, हे दोन तुकडे शेजारी ठेवले की तुला फार बोलावंही लागणार नाही. आणि अखेरीस हामिदला न कळलेलं रहस्य. प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर वहीत एक वाक्य लिही. ती सात-आठ वाक्यं सलग वाचून कुणाला तुझं म्हणणं समजलं, तर आराखडा तयार झाला. त्यात 'त्यानंतर हामिद' असं सुरू होणारं वाक्य आलं तर समज की तू पुन्हा गोष्ट सांगायला लागलीस.

परिच्छेद आतून कसा असावा, याचा नमुना देते:

'खेळणी महाग आहेत म्हणून हामिद ती घेत नाही, असं कथा सांगते. आकडे मात्र वेगळं बोलतात. खेळणं दोन पैशांचं आहे आणि त्याच्या खिशात तीन आहेत. ही महागाई दुकानातली नाही, ती त्याच्याबरोबर घरून आली आहे. त्या घरात सणाच्या सकाळी आठच पैसे होते. चरखीचा एक पैसा त्याला "अपने कोष का एक तिहाई" वाटतो. चार-पाच वर्षांचा मुलगा आनंदाची किंमत तिहाईत मोजतो, कारण मागे उरलेले पाच पैसे कुणाकडे आहेत हे त्याला माहीत आहे.'

इथे अवतरण पाचच शब्दांचं आहे आणि ते माझ्या वाक्यात मिसळून गेलं आहे. त्याच्या आधी मी काय म्हणते ते आलं, आणि नंतर त्या शब्दांमधून काय वाचलं ते आलं. बहुतेक जण अवतरण देऊन पुढच्या परिच्छेदात जातात, जणू ओळ स्वतःच बोलेल. ओळ बोलत नाही. तिच्यातला कुठला शब्द, कुठला आकडा तुला थांबवतो ते तुलाच सांगावं लागतं. अवतरणापेक्षा त्यावरचं तुझं बोलणं लांब असावं. पाच-सहा ओळींचं अवतरण घेऊ नकोस, तेवढी जागा तुझ्याकडे नाही.

आणि माझ्या नमुन्यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाच. पाच पैसे आजीकडे आहेत हे हामिदला माहीत आहे, असं कथेत कुठे स्पष्ट म्हटलं आहे का? नाही. तो माझा अंदाज आहे. मुद्दाम तसा ठेवला, कारण अशी वाक्यं आपल्या नकळत घुसतात. इथे 'माहीत असावं' असं लिहायचं, किंवा वाक्यच काढायचं. कथा जेवढं सांगते तेवढंच ठामपणे म्हण. तुझ्या तिसऱ्या पानावर 'हामिदला ठाऊक होते की आई-वडील परत येणार नाहीत' असं आहे. कथेत नेमकं उलट आहे. त्याला सांगितलं आहे की अब्बाजान रुपये कमवायला गेलेत आणि अम्मीजान अल्लामियाँकडून छान छान वस्तू आणायला गेली आहे, आणि तो खूश आहे. ही चूक स्मरणावर विसंबून लिहिल्यामुळे झाली.

कोण बोलतंय हे प्रत्येक अवतरणाशी लिही. निवेदक, हामिद, अमीना, मोहसिन. प्रेमचंदांचा निवेदक खूप बोलतो, मधेच येऊन भाष्य करतो, आणि वाचणारा ते भाष्य लेखकाचं अंतिम मत म्हणून घेतो. शेवटाकडे तो सांगतो की मुलगा हामिद म्हाताऱ्या हामिदची भूमिका करून गेला आणि म्हातारी अमीना बालिका झाली. हे सांगण्याची गरज होती का? मला वाटतं, नव्हती. प्रसंग आधीच ते करून दाखवतो. तुझं मत वेगळं असू शकेल, पण असा प्रश्न निबंधात विचारण्याचा तुला हक्क आहे. प्रेमचंद मोठे आहेत म्हणून त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची नसते.

तू दुसऱ्या पानावर प्रेमचंदांचं चरित्र दिलंस, खरं नाव धनपतराय, जन्म 1880, लहानपणीच आई गेली, वगैरे. आई गेल्याचा धागा हामिदशी जुळतो म्हणून मोह होतो, समजते मी. पण सरांनी 'पाठ से' म्हटलं आहे. लेखकाच्या आयुष्यातली गोष्ट कथेतल्या ओळीची जागा घेऊ शकत नाही. तो परिच्छेद काढ, दीडशे शब्द वाचतील. 'हृदयस्पर्शी', 'मार्मिक', 'अजरामर' हे शब्दही काढ. त्यांच्या जागी काहीही घालायची गरज नाही.

सुरुवात आणि शेवट सगळ्यात शेवटी लिही. सुरुवातीला 'साहित्य समाजाचा आरसा आहे' वगैरे नको. पहिल्या चार-पाच वाक्यांत कथेचं नाव, लेखक, ज्या जागेपाशी तू अडखळलीस ती जागा आणि तुझं विधान. समारोपात आधीचंच पुन्हा सांगू नकोस. विधान मान्य केलं तर कथेचा एखादा भाग आता वेगळा दिसतो का, ते सांग. उदाहरणार्थ, हे विधान धरून पहिल्या पानावरची अमीना वाच. एवढं पोर जत्रेच्या गर्दीत हरवलं तर, या काळजीने ती कासावीस झाली आहे, आणि घरी शेवया करायच्या आहेत म्हणून त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. ती जत्रेत का नव्हती, याचं कारण प्रेमचंदांनी आधीच लिहून ठेवलं आहे.

वेळेचं म्हणशील तर पहिला आठवडा पूर्ण वहीला दे. एकही परिच्छेद लिहू नकोस. विधान आणि आराखडा झाला की कच्चा मसुदा दोन-तीन बैठकींत होतो, खरंच होतो. मग प्रत समोर ठेवून प्रत्येक अवतरण अक्षराअक्षराने तपास, नुक्त्यासकट, आणि पान क्रमांक टाक. घरी मराठीत विचार करून हिंदीत लिहिताना आपल्या हातून लिंगाच्या चुका होतात, त्यासाठी एखाद्या हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखव. ती 'हे कुठे लिहिलंय?' असं विचारेल तिथे खूण कर आणि पुस्तकात बोट ठेवून दाखव. दाखवता आलं नाही तर वाक्य बदल.

आराखड्याची सात-आठ वाक्यं झाली की मला पाठव. पूर्ण निबंध नको, तेवढीच वाक्यं, शेजारी पान क्रमांक. कुठल्या वाक्याखाली ओळ नाही ते मी खूण करून परत पाठवते. आईला नमस्कार सांग.

– काकू